नक्कल जळते

(फर्दापूर इथं भरलेल्या युवक शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलताना तोंडात आलं ते बहुतेक तसंच छापलं आहे.)



मला विषय दिलाय 'स्वतःचा माणूस'. म्हणजे दुसऱ्या कुणाची नक्कल नसलेला, अस्सल माणूस. काल रात्री एक कार्यकर्ता म्हणाला, उद्या जरा जोरदार होऊ द्या. जोरदार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माइक घट्ट धरायचा, व्यवस्थेच्या छाताडावर पाय वगैरे ठेवायचा, चार शिव्या हासडायच्या. तुम्ही टाळ्या वाजवायच्या आणि संध्याकाळच्या एस.टी.नं आपापल्या घरी. तसलं भाषण मी झोपेत करू शकतो. पन्नासदा केलंय. म्हणून आज करणार नाही.

काल आपण लेण्यांवर गेलो. आपल्याबरोबर माहिती सांगणारा पोरगा होता. तुमच्याच वयाचा. प्रत्येक लेण्यात त्याची वाक्यं ठरलेली, थांबायच्या जागा ठरलेल्या, विनोदसुद्धा ठरलेला. टॉर्च मारली की जीभ आपोआप सुरू. मी त्याला सतराव्या लेण्यात विचारलं, गड्या, हे सगळं ऱ्हाऊ दे, तुला स्वतःला यातलं काय आवडतं? तो गडबडला. म्हणाला, असं कुणी इचारीत न्हाई साहेब. मग त्यानं टॉर्च वळवली. बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारात उभा आहे आणि यशोधरा राहुलला पुढं करतेय, ते चित्र. म्हणाला, माझी माय मला पयल्या दिशी शाळंत घेऊन गेली तवा अशीच उभी व्हती.

बस्स. दिवसभरात त्याचं स्वतःचं असं ते एकच वाक्य. आणि मला काल ऐकलेल्या सगळ्यातलं तेवढंच लक्षात राहिलं. दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र त्या एका वाक्यानं जिवंत केलं. कुठल्या पुस्तकात ते सापडायचं नाही. कारण ती त्याची माय होती.

आता या लेण्यांची एक गोष्ट सांगतो. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी इथं येऊन बसला. काम एकच, भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवायची. अंधार, ताप, वटवाघळं, सगळं सोसत त्यानं वर्षानुवर्षं नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथं आग लागली, जवळजवळ सगळ्या खाक. मग मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून जॉन ग्रिफिथ्स आला. बरोबर आपल्याकडचे विद्यार्थी, पेस्तनजी बोमनजींसारखे. १८७२ ते १८८५, पुन्हा तेच काम. शेकड्यांनी चित्रं झाली. तीही लंडनला गेली. १८८५ साली तिथंही आग लागली आणि त्यातल्या पुष्कळशा जळून गेल्या.

दोनदा नक्कल केली, दोनदा जळाली. आणि अस्सल कुठं आहे? इथंच. वाघूरच्या वळणावर, अंधारात, पोपडे निघालेलं, पण आहे.

आपल्या काळातलंही एक सांगतो. याच फर्दापूरजवळ पर्यटकांसाठी मोठं केंद्र बांधलं. १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आत केल्या. २०१३ साली ते सुरू झालं आणि पुढं विजेच्या नि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. नकलेचं असंच असतं, दोस्तहो. तिचं बिल कुणाला तरी सतत भरावं लागतं. बिल थकलं की दिवे गेले.

गिलच्या, पेस्तनजींच्या मेहनतीची मी टिंगल करत नाही. शिकताना नक्कल करावीच लागते. पोर आधी गिरवतं, मगच लिहितं. मी बोलतोय ते जन्मभर गिरवत बसणाऱ्याबद्दल. म्हणजे माझ्याबद्दल.

मी शहरात शिकायला गेलो तेव्हा खोली शोधत होतो. दोन दारांवर आडनाव विचारलं, खरं सांगितलं, खोली कालच गेली म्हणाले. तिसऱ्या दारावर मी आडनाव बदललं. खोली मिळाली. आडनावापाठोपाठ बाकीचंही बदलावं लागलं. बोलणं बदललं. 'व्हतं'चं 'होतं' झालं. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पेटीत गेला. मालकीणबाईंच्या घरच्या पूजेला जाऊन मी शहाण्या मुलासारखा प्रसाद खाल्ला. त्या म्हणायच्या, तुमच्यावर संस्कार दिसतात हो. मला गुदगुल्या व्हायच्या. लाज वाटते सांगायला, पण व्हायच्या.

एक दिवस न कळवता माय आली. भाकरी, ठेचा, फडक्यात बांधलेलं. मालकीणबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी चौकशी केली, कुठल्या गावच्या तुम्ही, कोणाच्यातल्या? माझी माय म्हणजे गावात पाटलाच्या तोंडावर 'जयभीम' म्हणणारी बाई. मजुरी बुडवली म्हणून मुकादमाच्या दारात बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक, पण तिला सगळं कळलं. तिनं पदर पुढं घेतला आणि म्हणाली, लांबचं गाव हाय बाई. एवढंच. नंतर ती गप्प बसली. कुणाला न भ्यालेली माझी माय माझ्यासाठी भ्यायली.

जाताना ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या दिवशी वाघासारखा उठून खोली सोडली, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या द्याल. पण तसं झालं नाही. मला दोन महिने लागले. परीक्षा झाल्यावर सांगितलं आणि मग बाहेर पडलो. काही फेकाफेकी झाली नाही, आरडाओरडा नाही. फक्त त्या दिवसापासून 'संस्कार दिसतात' हे बंद झालं. मी तोच होतो. तेच कपडे, तोच चष्मा. म्हणजे त्या बाईंना जो आवडत होता तो मी नव्हतोच. ती प्रतिकृती होती आणि तिचं बिल माझी माय भरत होती.

हे दुखणं एकट्या माझं नाही. बाबुराव बागुलांनी १९६३ साली आपल्या पहिल्याच कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' असं नाव दिलं. चोरली! काय शब्द आहे बघा. आपलीच वस्तू आपणच लपवायची आणि चोर ठरायचं. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर बसतात. एकाच देहातली दोन माणसं. या पुस्तकांनी मराठी साहित्य हादरलं, ते काही शिव्यांमुळं नाही. तोवर आपल्याविषयी बहुतेक दुसरे लिहीत होते, दया म्हणून, कणव म्हणून. इथं ज्याचं दुखणं त्याचंच तोंड होतं.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, हे 'स्वतःचा माणूस' प्रकरण पांढरपेशांचं चोचलं आहे. आपल्याला संघटना हवी, एकी हवी. प्रत्येकजण 'मी, मी' करायला लागला तर चळवळ कशी चालायची? प्रश्न रास्त आहे. पण नीट विचार करा. जात माणसाला काय करते? तो जन्मायच्या आधीच त्याचं काम ठरवते, त्याची पायरी ठरवते, गावातली त्याची दिशा ठरवते. त्यात 'मी' कुठं असतो? 'महाराचं पोर', 'मांगाचं पोर', एवढंच. जातीच्या खातेवहीत माणसाला स्वतःचं पानच नसतं. म्हणून ज्याला पिढ्यान् पिढ्या माणूस म्हणून मोजलंच नाही, त्यानं 'मी एक व्यक्ती आहे' म्हणणं हा चोचला नव्हे. तो विद्रोह आहे.

बाबासाहेबांना हे नेमकं दिसत होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीपुढं मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की या घटनेनं गाव सोडून व्यक्तीला एकक मानलं, याचा मला आनंद आहे. गावाचे गोडवे गाणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्याला गाव म्हणजे काय ते माहीत होतं. या देशाच्या घटनेचा पाया तू आहेस. एकटा तू, एकटी तू. एवढं मोठं माप तुझ्या हातात दिलंय, आणि तू आडनाव बदलून कुणाच्या ओट्यावर बसतोस?

इथवर सगळं सोपं आहे, कारण दोष समोरच्याचा आहे. आता जरा आपल्या अंगावर घेऊ.

लेण्यांचं अजून एक सांगायचं राहिलं. चित्रं उठून दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या वेळी त्यांच्यावर व्हार्निश मारलं. पुढं १९२० च्या सुमाराला निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे बसवले, ते मोलाचं काम. पण वरून लाखेचा थर दिला. हेतू चांगलाच होता. काही वर्षांनी तो थर पिवळा पडला, काळवंडला, आणि खालचे रंग दिसेनासे झाले. तो थर काढायला पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं लागली. कापसाच्या बोळ्यानं, इंच-इंच.

आपल्यावर व्हार्निश फक्त सदाशिवपेठ मारते असं समजू नका. चळवळही मारते. माझ्याकडं कविता येतात. तरुण पोरांच्या, पोरींच्या. प्रत्येकीत सूर्य, मशाल, रक्त, वादळ. एक दिवस मी एका कवीला विचारलं, तू राहतोस कुठं? म्हणाला, नाल्याच्या कडेला, पत्र्याच्या घरात, बाप रात्रपाळीला वॉचमन. मी म्हटलं, अरे, मग कवितेत तुझा बाप कुठाय? रात्रभर दुसऱ्याच्या दारावर जागणारा माणूस सकाळी स्वतःच्या घरी कसा झोपतो, उन्हात, पत्र्याखाली, ते लिही ना. तो म्हणाला, त्यात विद्रोह काय? हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा' लिहिला तो त्यांनी पाहिलेल्या मुंबईतून. तू तुझी वस्ती न बघता त्यांचे शब्द उचललेस तर ती त्यांची नक्कल झाली, त्यांची परंपरा नाही. परंपरा चालवायची असेल तर त्यांनी जे केलं तेच कर. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन गप्प करू नका कुणाला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनीच बजावलं की धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. ज्यानं विभूतिपूजेला विरोध केला त्याचीच आरती करून आपण विचार करायचं काम टाळतो. बुद्धानंही कालामांना हेच सांगितलं होतं, की गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

अस्सल म्हणजे कसं, याचं एक उदाहरण देतो आणि आवरतं घेतो. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचलं, आणि घाबरले. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं की मी एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. व्यासपीठ गेलं, हार गेले, टाळ्या गेल्या. त्यांनी ते भाषण पुस्तक करून छापलं. आज ते मंडळ आपल्याला आठवतं ते फक्त त्या न झालेल्या भाषणामुळं.

फरक ध्यानात घ्या. जगावेगळं दिसायचं म्हणून ते हटून बसले नव्हते. त्यामागं अभ्यास होता, एकेक ओळ तपासलेली होती. ती ओळ त्यांची होती, म्हणून तिच्यातला स्वल्पविरामही त्यांचा होता. नुसतं वेगळं दिसणं ही दुसरी गोष्ट. दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खांबावरच्या चित्रावर आपलं नाव नि तारीख कोरली. जगाला सांगतात, त्यानं लेणी शोधली. इथल्या गुराख्यांना काय ती दिसत नव्हती? दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव खरडणं म्हणजे स्वतःचा माणूस होणं नव्हे. ज्यांनी ती चित्रं काढली त्या चितार्‍यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण हात ओळखू येतो.

तर आज रात्री एक काम करा. वही घ्या, एक पान लिहा. सूर्य नको, मशाल नको. फक्त तुम्हीच पाहिलेली, दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही अशी एक गोष्ट. उद्या सकाळी इथं वाचायची. नाव खरं घालायचं, आडनावासकट.

माझंही पान असेल. माय त्या ओट्यावर काय म्हणाली असती, ते मला लिहायचं आहे. इतकी वर्षं झाली, अजून जमलेलं नाही.

जयभीम.