औलीचा बर्फ आणि आपल्या भिंती
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्या एखाद्या प्रवासाबद्दल बोला. हलकंफुलकं, दहा मिनिटं." बँकेत जन्म गेलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं. घड्याळ समोर ठेवलंय.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी आणि आमची ही औलीला गेलो होतो. औली उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात. आपल्याकडे डिसेंबरात पारा सोळावर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो, डांबरगोळ्यांच्या वासासकट. तर आमच्या मुलीनं ठरवलं की आईबाबांना एकदा खरी थंडी दाखवायची. बोरिवलीहून गाडीनं हरिद्वार, तिथून टॅक्सीनं जोशीमठ. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे चार संगम लागतात. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठाच्या जरा पुढे. हिनं प्रत्येक ठिकाणी हात जोडले, मी प्रत्येक ठिकाणी चहा प्यायलो.

जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर. आद्य शंकराचार्यांचा ज्योतिर्मठ तो हाच. हिवाळ्यात बद्रीनाथाचं देऊळ बंद होतं, तेव्हा तिथली पूजा जोशीमठाच्या नरसिंह मंदिरात चालते. तिथून औलीला रस्ता आहे आणि तेव्हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवेही चालू होता. आम्ही रोपवेनं गेलो. खाली देवदाराची झाडं, त्यांच्या फांद्यांवर बर्फ, आणि समोर नंदादेवी. उंची ७,८१६ मीटर. ही एकदम गप्प झाली. चाळीस वर्षांच्या संसारात अशी वेळ क्वचितच येते.

औलीचे उतार स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहेत. इंडो-तिबेटन बॉर्डर पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंगची संस्था तिथेच आहे. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा डेहराडून आणि औलीला झाल्या. आकाशातून बर्फ कमी पडला तर पाणी फवारून बर्फ करणारी यंत्रं बसवली आहेत, त्यासाठी वर एक तलावही बांधलाय. उन्हाळ्यात बर्फ गेला की तिथे हिरवी कुरणं उघडी पडतात, त्यांना 'बुग्याल' म्हणतात. मग लोक गोरसों बुग्यालपर्यंत चालायला येतात. म्हणजे धंदा बारमाही.

मीही स्की भाड्यानं घेतल्या. वय सदुसष्ट. शिकवणारा पोरगा म्हणाला, "अंकलजी, घुटने मोडिए." मला 'मोडिए' एवढंच मराठीत ऐकू आलं. सात पावलं गेलो आणि बसलो. उठवायला दोन माणसं लागली. हिनं त्याचा व्हिडिओ काढलाय, चहापानाच्या वेळी दाखवेल.

आम्ही जोशीमठात एका घरगुती लॉजवर उतरलो होतो. मालक चाळिशीचा, बायको स्वयंपाक करायची. आम्ही त्यांना वसईची सुकेळी दिली, त्यांनी आम्हाला राजमा दिला. निघायच्या दिवशी हिशेब करताना भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्यानं हललं आणि मागे एक तडा दिसला. बोट जाईल एवढा. मी विचारलं तर तो हसला. म्हणाला, "पहाड है बाबूजी, थोड़ा-बहुत चलता है." आणि कॅलेंडर सरळ केलं.

घरी आलो, लॉकडाऊन लागला, सगळं विसरलो. जानेवारी २०२३ मध्ये टीव्हीवर जोशीमठ दिसलं. आठशेहून जास्त घरांना तडे. रोपवे बंद. दोन हॉटेलं एकमेकांवर कललेली, ती पाडावी लागली. मी फोन लावला. तिसऱ्या दिवशी लागला. कुटुंब एका शाळेत मुक्कामाला होतं. घरावर लाल फुली मारली होती. मला म्हणाला, "बाबूजी, आपने तो देखा था." एवढंच. त्या वाक्यानंतर मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी वाचायला घेतलं. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय. हे काही नव्यानं कळलेलं नाही. १९७६ साली सरकारनं नेमलेल्या मिश्रा समितीनं लिहून ठेवलं होतं, की इथे जड बांधकामं नकोत, सुरुंग नकोत, झाडं तोडू नका, पाण्याचा निचरा नीट करा. सत्तेचाळीस वर्षं कागद होता. वर कॅलेंडर होतं.

आता मला झोप का लागली नाही ते सांगतो. २०१९ च्या आपल्या वार्षिक सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव आला होता. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. आपली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सिंकिंग फंडाची वर्गणी वाढवायचीही सूचना होती. तेव्हा मी उठून म्हणालो होतो, "नावच सिंकिंग फंड, पैसा बुडालाच समजा!" सगळे हसले. ठराव पडला. जुन्या सभासदांना आठवत असेल. मी तेव्हा खजिनदार होतो, माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते मी चुकीच्या पारड्यात टाकलं.

आपली इमारतही डोंगरावर नसली तरी भरावावर आहे. जुन्या लोकांना इथली खाजणं आठवतात. जुलै २०१८ च्या पावसात आपल्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, दोन दिवस वीज नव्हती. ते पाणी ओसरलं, पण खांबांच्या आत गेलेली ओल ओसरली का, हे कुणी पाहिलं नाही. सिमेंटच्या आत ओल गेली की सळई गंजते, गंजली की फुगते आणि बाहेरचं प्लास्टर फोडते. इंजिनिअरनं मला हे नंतर समजावलं.

२०२३ च्या सभेत ऑडिटचा ठराव मीच मांडला, माफी मागून. आता अहवाल आलाय. पार्किंगचे सहा खांब दुरुस्त करावे लागणार. इमारत धोकादायक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे घाबरू नका. पण थांबलो तर खर्च वाढेल. पुढच्या महिन्यात विशेष सभा आहे. प्रत्येक घराचा वाटा काढलाय, हप्त्यांची सोयही ठेवलीय. ज्यांना एकदम जमणार नाही त्यांनी मला येऊन सांगा. कर्जदाराला हप्ते बांधून देण्यात माझं आयुष्य गेलंय, लाज वाटू देऊ नका.

मंडळी, पंचवीस वर्षांत इथे बारशी झाली, लग्नं झाली, काही जण आपल्यातून गेले. लॉकडाऊनमध्ये आपण एकमेकांच्या दारात भाजी ठेवली. हे सगळं त्या खांबांवर उभं आहे.

जोशीमठचा तो माणूस आता डेहराडूनला भाड्यानं राहतो. दिवाळीला फोन करतो. मुलगी कॉलेजात आहे, म्हणतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मागे बघा. काही दिसलं तर परत टांगू नका, सेक्रेटरींना कळवा.

दहा मिनिटं संपली.