दर्या आणि दऱ्या



‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ या दोन निरोपांत घोटाळा झाला, तर लग्नघरी काय अनर्थ होईल हे येथे जमलेल्या मंडळींना आम्ही सांगायला नको. फरक एका अर्ध्या ‘र’चा. तो इंटरनेटच्या नियमकर्त्यांना कळतो काय, हा आजचा विषय.

इंटरनेटवरील यंत्रांच्या नावांत १९८५ च्या नियमाप्रमाणे रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चाले. २००३ साली इतर लिप्यांना दार उघडले, पण आडवळणाने. देवनागरी नावाला आधी रोमन सोंग चढवायचे आणि मगच पुढे धाडायचे. सोंग चढवण्यापूर्वी नावाची झाडलोट करावी असे ठरले, आणि त्या केरात एक न दिसणारे चिन्ह गेले. ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे त्याचे नाव. ते कागदावर जागा घेत नाही. शेजारच्या अक्षरांनी कसे जुळावे एवढेच सांगते. संगणकावर ‘दऱ्या’ लिहिण्याची एक रूढ रीत याच चिन्हाची. ते काढताच ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. सह्याद्री बुडाला म्हणा ना!

नियमकर्ते अडाणी होते असे मात्र कोणी समजू नये. न दिसणारे चिन्ह नावात मोकाट सोडले, तर दिसायला एकच अशी दोन नावे होतात. एक पेढीचे, दुसरे भामट्याचे. रशियन आणि रोमन लिप्यांत तर डोळ्यांना न ओळखू येणाऱ्या जुळ्या अक्षरांचा सुकाळच आहे.

२०१० च्या नियमांनी तोड काढली. मोडलेल्या पायाच्या चिन्हामागोमाग आला तर जोडक चालेल; मनास येईल तेथे नाही. चिन्हाला सरसकट हाकलण्यापेक्षा त्याची जागा पाहणे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

तरी एक गुंता उरतोच. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षरही आहे. त्याचा पाय मोडून ‘या’ जोडला तरी दिसते तेच ‘दऱ्या’. डोळ्यांना एक, यंत्राला दोन! नावाच्या शेवटच्या भागात, म्हणजे ‘भारत’ हा शब्द येतो तेथे, जोडक आजही वर्ज्यच आहे. आमचा कौल स्वतंत्र ‘ऱ’ला. आपल्यापैकी कोणी दुकानाचे नाव देवनागरीत नोंदवणार असेल आणि त्यात ‘ऱ्या’ असेल, तर आपला कळफलक यांतले कोणते रूप उमटवतो, ते पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.