मागच्या बाकावरून
(शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी वर्ग कसा पाहावा, या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या वाचनालयाच्या व्यासपीठावर ग्रंथांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथ वाचणारा माणूस आधी शाळेत घडतो. सीमाभागातील मराठी वाचनालयाचा उद्याचा सभासद आज बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या परिसरातील एखाद्या प्राथमिक शाळेत बसलेला आहे. त्याला कोण शिकवणार, आणि तो शिकवणारा शिक्षक होण्यापूर्वी काय पाहून येणार, हा प्रश्न म्हणूनच वाचनालयाच्याही जिव्हाळ्याचा आहे.

या भागातील अनेक तरुण-तरुणी दरवर्षी शिक्षक प्रशिक्षणाकडे वळतात. कोणी कर्नाटकातील संस्थांत प्रवेश घेतात, कोणी सीमा ओलांडून कोल्हापूर-गडहिंग्लजकडे जातात. हा प्रवेश गुणांवर अथवा प्रवेशपरीक्षेवर ठरतो. वर्गात मागे बसून चार दिवस शाळा पाहिली आहे काय, असे कोणी विचारीत नाही. पदवीची परीक्षा संपल्यापासून प्रशिक्षणाचे वर्ग सुरू होईपर्यंतचे महिने बहुधा अर्ज, दाखले आणि प्रतीक्षा यांत जातात. याच काळात शाळा मात्र सुरू झालेल्या असतात. कर्नाटकातील शाळा तर मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभीच उघडतात. हे महिने वाया जाऊ नयेत, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

यावर एक आक्षेप सहज येतो. ज्याने पंधरा वर्षे वर्गात काढली, त्याने वर्ग पुन्हा पाहायचा तो कशासाठी? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावरील आपल्या ग्रंथात याच आक्षेपाचे मूळ शोधले. शालेय शिक्षण पुरे होईपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढलेले असतात, असा त्यांचा अंदाज होता. इतकी दीर्घ उमेदवारी दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाला लाभत नाही. पण ही उमेदवारी बाकावर बसून केलेली असते. प्रेक्षागृहातून नाटक पाहणाऱ्याला रंगपटातील धावपळ दिसत नाही, तसेच येथे घडते. गुरुजींनी अमुक प्रश्न अमुक मुलालाच का विचारला, फळ्यावरचे उदाहरण मध्येच का सोडून दिले, मागच्या रांगेतील गडबडीकडे पाहूनही का पाहिले नाही, हे विद्यार्थ्याला कळत नाही. त्याला शिक्षकाचा आवाज आठवतो, लकबी आठवतात, छडी आठवते. पुढे तो स्वतः शिकवू लागला की नकळत त्या लकबींचीच नक्कल करतो. प्रशिक्षणातील सिद्धान्त वहीत राहतात आणि वर्गात जुने गुरुजी पुन्हा उभे राहतात.

पाहण्याने काय घडू शकते, याची इतिहासात चांगली उदाहरणे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक मुलांच्या अनाथालयाचा प्रमुख होता. एका देशी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटांनी अक्षरे गिरवीत असल्याचे त्याच्या नजरेस पडले. आपल्याकडे यालाच धुळाक्षरे म्हणत आले आहेत. ज्यांच्या अंगणात हे रोज चालत होते, त्यांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. बेलने ते पाहिले आणि आपल्या शाळेत आणले. हाताखालच्या शिक्षकांनी उत्साह दाखवला नाही, तेव्हा त्याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेतले. १७९७ साली त्याने या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला, आणि मुलांनी मुलांना शिकवण्याची ही पद्धत इंग्लंडभर पसरली. परक्याला जे दिसले ते घरच्या माणसाला दिसले नाही, कारण ते त्याच्या अतिपरिचयाचे होते. आपल्याच तालुक्यात शिक्षक होऊ पाहणाऱ्याची अडचणही हीच असते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. १८४८ साली जोतीराव फुले अहमदनगरला गेले आणि तेथे मिस फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी चालविलेले मुलींचे शिक्षण त्यांनी पाहिले. पुण्यास परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. मुली शिकू शकतात, हा त्यांचा विश्वास केवळ ग्रंथांतून आलेला नव्हता. मुली शिकत असताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या.

शिक्षक घडविणाऱ्या संस्था आणि शाळा यांच्यातील अंतराची जाणीव आपल्या देशाला नाही, असे नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात प्रशिक्षण संस्था विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या असल्याचे निदान केले होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. निपाणीपासून फार दूर नसलेल्या मुलुखातील हा माणूस खेड्यातील शाळा आतून जाणत होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक ठरला. हे पाऊल योग्य दिशेने पडले, यात शंका नाही. पण छात्रशिक्षक एकदा सराव पाठाच्या चक्रात सापडला की त्याचे लक्ष पाठ टाचणाकडे, शैक्षणिक साधनांकडे, मार्गदर्शकांच्या शेऱ्याकडे आणि गुणांकडे लागते. मुलांकडे पाहण्याची उसंत त्याला मिळत नाही. शिकविण्याची जबाबदारी नसताना, गुणांची टांगती तलवार नसताना निवांतपणे पाहण्याची संधी आयुष्यात बहुधा एकदाच येते, आणि ती प्रशिक्षणापूर्वीच येते.

आता प्रत्यक्ष पाहावे कसे? प्रथम मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्यावी आणि शक्यतो आपण शिकलो त्याहून निराळी शाळा निवडावी. शहरातल्या मोठ्या हायस्कुलात शिकलेल्याने खानापूरकडील दोन शिक्षकी शाळा पाहावी. एकाच खोलीत दोन इयत्ता बसवून एका इयत्तेला लेखन देऊन दुसरीला वाचन शिकविण्याची कसरत कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तेथे चांगली कळते. खेड्यात शिकलेल्याने शहरातील साठ मुलांचा वर्ग पाहावा. पंधरा दिवसांत पाच शाळा पालथ्या घालण्यापेक्षा एकाच वर्गात सलग आठ दिवस बसणे अधिक फलदायी ठरते, कारण पहिले दोन दिवस मुले पाहुण्याकडेच पाहत असतात. खरा वर्ग तिसऱ्या दिवशी सुरू होतो.

बसावे कोठे, यालाही महत्त्व आहे. मागच्या भिंतीशी बसले की मुलांच्या पाठी आणि शिक्षकाचा चेहरा दिसतो. खिडकीच्या बाजूने, थोडे पुढे सरकून बसले की मुलांचे चेहरे दिसतात. काही दिवस मागे आणि काही दिवस बाजूला बसून पाहिले, तर एकाच तासाची दोन रूपे ध्यानात येतात.

वहीत सर्व काही टिपण्याचा हव्यास धरू नये. एका तासाला एकच गोष्ट पाहावी. एका दिवशी वर्गाचा साधा नकाशा काढावा, आणि शिक्षकाने ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी एक रेघ मारावी. तास संपल्यावर पुढच्या दोन रांगांत रेघांची दाटी आणि कोपऱ्यात कोरी जागा दिसली, तर त्या कोऱ्या जागेतच पुढच्या तासाचा विषय सापडतो. दुसऱ्या दिवशी कोण किती बोलते ते मोजावे. फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाने दर तीन सेकंदांनी वर्गातील संभाषणाची नोंद करण्याची दहा कलमी पद्धत बसवली. वर्गातील सुमारे दोन तृतीयांश वेळ बोलण्यात जातो आणि त्या बोलण्यातील दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचाच असतो, असे त्याला दिसून आले. तिसऱ्या दिवशी प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतो ते मनात आकडे मोजून पाहावे. मेरी बड रो यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत केलेल्या अभ्यासात ही वाट पाहणी सरासरी जेमतेम एक सेकंदाची असल्याचे आढळले. ती तीन सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. एक आणि तीन यांतील हे अंतर कोणत्याही अनुदानाशिवाय भरून काढता येण्याजोगे आहे.

वहीच्या पानावर उभी रेघ मारून डाव्या बाजूला दिसले ते आणि उजव्या बाजूला वाटले ते लिहावे. ‘मुलगा आळशी आहे’ हे उजवीकडचे वाक्य झाले. ‘मुलगा दहा मिनिटे खिडकीबाहेर पाहत होता, वहीत एक ओळ लिहिलेली होती’ हे डावीकडचे. आठ दिवसांनी डावी बाजू पुन्हा वाचली की उजवीकडची कित्येक वाक्ये खोडावी लागतात. तो मुलगा ऊसतोडीच्या हंगामात दोन महिने गैरहजर असेल. ती मुलगी निपाणीत आईसोबत विड्या वळून उशिरा झोपली असेल. हे वर्गात दिसत नाही. पण ते विचारले पाहिजे, हे मात्र वर्गात बसल्यावरच सुचते.

सीमाभागात या वहीला आणखी एक रकाना लागतो, आणि तो भाषेचा. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा प्रश्न व्यासपीठावर मोठ्या आवाजात मांडला जातो. वर्गात मात्र तो एखाद्या मुलाच्या गप्प बसण्यातून मांडला जातो. येथील मराठी शाळेतील मूल मोठ्या बहिणीला ‘अक्का’ म्हणते आणि पुस्तकात ‘ताई’ वाचते. घरी मराठी बोलणारे एखादे मूल कन्नड शाळेत असते, तर घरी कन्नड बोलणारे एखादे मूल मराठी शाळेत असते. शेजारच्या गल्लीत उर्दू असते, खानापूरच्या बाजूला कोकणीही कानी पडते. मुलाने घरचा शब्द उच्चारला की वर्गात हशा होतो काय, शिक्षक तो शब्द खोडून काढतात की फळ्यावर पुस्तकातील शब्दाच्या शेजारी लिहितात, हे निरीक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. ज्याचा शब्द फळ्यावर आला, ते मूल पुन्हा हात वर करते. ज्याच्या शब्दाला वर्ग हसला, त्याचा हात पुन्हा वर येतो काय, हे आठ दिवस पाहिल्यावर कळते.

शिवाय मराठी माध्यमाच्या ज्या शाळा कर्नाटकात आहेत, त्यांची पाठ्यपुस्तके कर्नाटकची असतात. महाराष्ट्रात प्रशिक्षण घेणारा छात्र बालभारतीच्या पुस्तकावर पाठ देतो आणि नोकरीसाठी आपल्या गावी परतला तर त्याच्या हाती निराळे पुस्तक येते. शेजारच्या तासाला कन्नड शिकविणारे शिक्षक कोणत्या युक्तीने मराठी मुलांना ती भाषा सोपी करून देतात, हेही त्याने पाहिलेले बरे. ‘तूप’ आणि ‘तुप्प’ यांचे नाते सांगणारा शिक्षक दोन्ही भाषांची सेवा करतो. मराठीचा अभिमान याने उणावत नाही. ज्या मुलाला शाळेत मान मिळाला, तेच मोठेपणी मराठी पुस्तक मागायला वाचनालयात येते.

पाहणाऱ्याने काही पथ्येही सांभाळली पाहिजेत. तो परीक्षक म्हणून आलेला नाही. जपानमध्ये शिक्षक परस्परांचे पाठ पाहतात आणि नंतर एकत्र बसून चर्चा करतात. त्या चर्चेत पाठाचा विचार होतो, पाठ देणाऱ्याचा न्याय केला जात नाही. तीच वृत्ती येथेही हवी. तास संपल्यावर ‘असे का केले नाही?’ असे न विचारता ‘असे का केले?’ असे विचारावे. एका ‘नाही’ने शिक्षक मिटून जातात, आणि तो शब्द वगळला की वीस वर्षांचा अनुभव उलगडून सांगतात. मुलांची नावे वहीत लिहू नयेत, खुणा पुरेशा आहेत. मुलाच्या घरची अडचण चहाच्या टपरीवर चर्चेचा विषय होऊ नये. आणि आठ दिवसांनंतर हे काम आपले नव्हे, असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटले, तर तेही मोठेच ज्ञान समजावे. त्याची दोन वर्षे वाचतात आणि कित्येक मुले एका नाखूश शिक्षकापासून वाचतात.

बेळगावला शिक्षक घडविण्याची जुनी परंपरा आहे. निपाणीजवळच्या तवंदीशी ज्यांच्या बालपणाचे नाते होते, त्या कवयित्री इंदिरा संत यांनी बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन केले आणि पुढे तेथील प्राचार्यपदही सांभाळले. मराठी कवितेचा विचार करताना त्यांच्या या कामाचा उल्लेख क्वचितच होतो. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या शिक्षिका गावोगावच्या शाळांत उभ्या राहिल्या, हेही एक लेखनच होते.

अशा कामी वाचनालय काय करू शकते? येथील सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, शाळांच्या व्यवस्थापनाशी निगडित मंडळी आहेत. प्रशिक्षणाची वाट पाहणारा तरुण एकटा शाळेच्या दारी गेला तर संकोचतो. निवृत्त गुरुजींची चिठ्ठी हाती असली की ते दार सहज उघडते. आठ दिवसांच्या निरीक्षणानंतर तो तरुण आपली वही घेऊन याच वाचनकक्षात बसला आणि दोन जुन्या शिक्षकांनी त्याच्याशी तासभर चर्चा केली, तर त्याच्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ येथेच होईल. त्यासाठी निधी उभारावा लागत नाही. एक टेबल, तीन खुर्च्या आणि आठवड्यातील एक संध्याकाळ पुरते.

वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाचे वाचक आज ज्या वर्गांत बसले आहेत, तेथील कोपऱ्यातल्या गप्प मुलाकडे कोणाची तरी नजर वेळेवर जावी, यासाठी या वास्तूतून एक चिठ्ठी दिली जावी, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.