सतरंजीवर आपली जागा कुठं?
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत कंत्राटावर लोखंडी कॉइलांना साखळ्या लावतो, मधल्या सुट्टीत कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. हा ग्रामपंचायतीवर काय बोलणार, असं मागच्या बाकावरून आत्ताच कुणी म्हणालं. रास्त हाय. चाळीत जन्मलेल्या पोराला ग्रामपंचायत म्हणजे पिक्चरमधला पार आणि मिशीवाला सरपंच.

आपली पोरं गावाचं नाव काढलं की थुंकतात. कारण बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावाला संकुचितपणाचं डबकं म्हटलं, आणि घटनेनं गाव सोडून माणूस धरला याचा आनंद मानला. पण १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं, तेव्हा ते काय मागत होते तेही वाचा. नुसता मताचा हक्क पुरत नाही, पंचायतीत अस्पृश्यांची हक्काची जागा पाहिजे. म्हणजे बाबासाहेब नुसते थुंकून गप्प बसले नव्हते.

मी गडचिरोलीचं सांगतो. माझी आत्या तिकडं जंगलपट्टीत दिलेली आहे. १९८२ ला चंद्रपुरातून तुटून झालेला जिल्हा. १४,४१२ चौरस किलोमीटर जमीन, २०११ च्या शिरगणतीत माणसं १० लाख ७३ हजारांच्या आत. चौरस किलोमीटरला ७४ डोकी. आपल्या एका चाळीच्या जिन्यावर याहून जास्त उभी असतात! शंभरात ३८-३९ आदिवासी, ११ आपले. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड तुटतं.

अशा मुलखात लोकशाही कशी चालते? चार-पाच टोल्यांची मिळून एक गट ग्रामपंचायत. हापीस मोठ्या गावात, टोला मैलोन् मैल आत. ग्रामसेवक येईल तो दिवस सणाचा. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल तेवढी लागतात. तेवढी नाही जमली तर सभा तहकूब. आणि गंमत बघा, तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही! मग चार टाळकी बसतात, रजिस्टर फिरतं, अंगठे उमटतात, अख्ख्या पंचक्रोशीचा ठराव पास.

हे तोडायला १९९६ साली पेसा कायदा आला. त्यानं टोल्यालाही गाव म्हटलं, म्हणजे टोल्याची स्वतःची ग्रामसभा. अनुसूचित क्षेत्रात सरपंच आदिवासीच. त्याबद्दल आपली तक्रार नाही; ज्याचं जंगल लुटलं त्याच्या हातात शिक्का पाहिजेच. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तर त्याआधीपासून म्हणत होतं, आमच्या गावात आम्हीच सरकार. शंभरेक घरांचं गाव. २००९ ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा पास स्वतःच्याच मुठीत ठेवून बसलं. २०११ च्या एप्रिलात केंद्राचा मंत्री गावात आला तेव्हा पासबुक ग्रामसभेच्या हातात पडलं.

तिथं बहुमत चालत नाही, सर्वसहमती चालते. एकानं नाही म्हटलं तरी ठराव अडतो. ऐकायला झकास. पण जिथं आपलं एकच घर आहे, तिथं त्या घरातला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांपुढं नाही म्हणू शकतो का? म्हणेल, पण पोटात जमिनीचा दाणा असला तर.

आणि जमीन कुठं अडते ते ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. मोजायचं १३ डिसेंबर २००५ पासून मागं, म्हणजे १३ डिसेंबर १९३० पासून तो त्या जंगलावर जगत असला पाहिजे. १९३० साली महाराच्या घरात कसला कागद असणार? वेठीची नोंद कुणी ठेवली?

आत्याचा दावा ग्रामसभेत आला. सभा चिंचेखाली. या कायद्याच्या सभेला निम्मे लोक हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. तहकुबीची पळवाट नाही. आत्या सतरंजीच्या कडेला, अर्धी मातीत. एक म्हातारा गोंड उठला. म्हणाला, हिच्या आजेसासऱ्याला मी इथंच नांगर धरताना पाहिलाय, लहान होतो, त्यानं मला मोहफुलं दिली होती. नियमात म्हाताऱ्या माणसाची जबानी हा पुरावाच धरलाय. लिहून घेतलं, सह्या झाल्या. वरच्या कचेरीत फाइल गेली आणि शेरा आला : कागदोपत्री पुरावा जोडावा. साहेबानं स्वतःचाच नियम वाचला नव्हता. ग्रामसभेनं दुसऱ्यांदा ठराव करून फाइल पुन्हा वर ढकलली, ती अजून तिथंच आहे.

दाद मागायला वर जावं तर जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चात संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही. प्रशासक बसला तो तीन वर्षं उलटली तरी बसलेलाच होता. आपल्या मुंबई महापालिकेतही त्याच महिन्यात प्रशासक बसला, आपल्यापैकी किती जणांच्या ते ध्यानात आलं? टोल्यातल्या माणसांच्या आलं. त्यांनी चिंचेखालची सभा एकदाही चुकवली नाही.

आता कामाचं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना असतात. तिकडं आपल्या लोकांचे दावे पडून आहेत. लिहिता-वाचता येणारी चार पोरं पाहिजेत. जबान्या उतरवायच्या, नियमाचं पान फाइलला टाचायचं. आदिवासींच्या बाजूला बसून, त्यांच्या डोक्यावर नाही. रेल्वे वडशापर्यंतच जाते, पुढं एसटी. राहायची सोय आत्याकडं, जेवण भात आणि आंबाडीची भाजी. ज्यांना यायचंय त्यांनी सभा सुटल्यावर दारापाशी माझ्याकडं नाव द्या. मला आठची पाळी आहे, लवकर निघायचंय.