बातमी संपल्यानंतरचं घर

(ठाण्यातील कोलशेत येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



२०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक आकडा होता : १६ कोटी. अंधेरीतल्या एका तान्ह्या मुलीला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी होती. घरात तो आजार एसएमए म्हणूनच बोलला जातो, पूर्ण नाव फक्त फायलीवर. तिला लागणारं, एवढ्या किमतीचं इंजेक्शन अमेरिकेतून यायचं होतं. लोकांनी पैसे गोळा केले, केंद्र सरकारनं सुमारे ६ कोटींचा आयात शुल्क आणि कर माफ केला आणि महिनाअखेर माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात ते दिलं गेलं. चांगलं झालं. मी त्या दिवशी पेढे वाटणारी माणसं पाहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याकडच्या भोसरीतल्या एका मुलीला तेच इंजेक्शन मिळालं. तीही बातमी आपण वाचली. १ ऑगस्टला ती मुलगी गेली. श्वासाचा त्रास झाला होता. ही बातमी फार कमी जणांच्या लक्षात आहे, आणि आजचं माझं बोलणं तिच्यापासून सुरू होतं.

एसएमएन-१ हे जनुक आई आणि बाबा, दोघांकडूनही बिघडलेलं आलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरू लागतात. साधारण पन्नासात एक माणूस या दोषाचा वाहक असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे या मंडपातसुद्धा चार-पाच जण असतील. ते इंजेक्शन एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून जनुकाची चांगली प्रत शरीरात पोचवतं. त्यानं पुढची हानी थांबते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून इंजेक्शननंतरही मान धरायला, गिळायला, खोकायला मूल कमीच पडू शकतं. बुद्धी मात्र लख्ख असते. डोळे सगळीकडे फिरत असतात.

आता खोकण्याचा विचार करा. आपण दिवसातून कितीदा खोकतो, मोजत नाही. ज्याला खोकता येत नाही त्याचा कफ कोणीतरी बाहेर काढावा लागतो. म्हणून पलंगाशेजारी सक्शन मशीन. रात्री श्वासाला जोर म्हणून बायपॅप. नाकातून किंवा पोटातून नळी, तिच्यातून दूध, तेही बाळाला तिरकं धरून, सावकाश. बोटाला ऑक्सिमीटर. तो वाजला की सॅच्युरेशन खरंच उतरलं की लावलेली क्लिप निसटली, हे अर्ध्या झोपेत ठरवायचं. सर्दी-पडसं या घरात किरकोळ नसतं. शेजारचं पोर शिंकलं तरी आई दार लावून घेते, आणि मजल्यावरचे लोक म्हणतात, फारच शिष्ट आहे.

मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून असली घरं आतून पाहिली आहेत. कोलशेतची गोष्ट वेगळी आहे. क्लॅरियंट कंपनीच्या जुन्या आवारात आज टॉवर आहेत. पंचविसाव्या मजल्यावर बाळ आहे आणि लिफ्ट बंद पडली, तर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मूल दोन्ही जिन्यानं उतरवायचं. दिवे गेले तर सोसायटीचा जनरेटर जिन्याचे दिवे लावतो, घरातल्या प्लगला वीज देईलच असं नाही. म्हणून या कुटुंबांचा पहिला मोठा खर्च इन्व्हर्टरचा. परळचं केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारनं मान्य केलेलं केंद्र. इथून तीसएक किलोमीटर, पण घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आणि मेट्रोचे खांब किलोमीटरमध्ये मोजता येत नाहीत. गावठाणात, कोळी-आगरी वस्तीत, आजी, काकू, आत्या हाकेच्या अंतरावर असतात. तिथे अडतं ते गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स वळत नाही म्हणून. तेव्हा गाव चांगलं आणि टॉवर वाईट असं मी म्हणणार नाही.

पैशाची बाजू थोडी हलकी झाली आहे. रिसडिप्लाम नावाचं तोंडानं द्यायचं औषध आहे. त्याची बाटली सुमारे सहा लाखांना होती. पेटंटचा खटला झाला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपनीची बाटली १५,९०० रुपयांना आली. केवढा फरक! पण पाहा, मूल वीस किलोंच्या पुढे गेलं की रोज ५ मिलिग्रॅम लागतं, ६० मिलिग्रॅमची बाटली बारा दिवसांत संपते. महिन्याचे चाळीस हजार. मूल अंगानं भरलं म्हणून आईला आनंद होतो आणि त्याच वेळी ती मनात भागाकार करते.

औषधासाठी निदान भांडता तरी येतं. रात्रीसाठी कोणाशी भांडणार? नर्सिंग ब्युरोतून येणारी मावशी बहुधा अंघोळ घालते, कपडे बदलते. सक्शनला हात लावत नाही, आणि तिचं बरोबर आहे, तिला कोणी शिकवलेलं नसतं. मग नोकरी सुटते, आणि ती बहुतेक वेळा आईचीच सुटते. भाऊ-बहीण असेल तर त्याचा अभ्यास स्वयंपाकघरात. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, ‘तुझी कमाल आहे गं, मला नसतं जमलं.’ मला या वाक्याचा राग येतो. कौतुक करणारा माणूस चहा पिऊन निघून जातो; तिला हवी असते दोन तासांची झोप.

अपंग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेत काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले गेले. सहाशेत काय येतं? पण सरकारी वहीत त्या बाईच्या कामाला रकाना मिळाला.

आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा, २०१० च्या सुमारास, तिथल्या कुटीर रुग्णालयात मुलांच्या परिहार सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, प्रकल्प उभा राहिला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला झाली, तेही तेव्हा ठाण्यातच. आदिवासी पाड्यांच्या जिल्ह्यात जे सुचलं, ते स्विमिंग पूल असलेल्या सोसायटीत सुचत नाही.

माझं मागणं छोटं आहे. असं मूल असलेल्या प्रत्येक इमारतीत दोन माणसांनी सक्शन मशीन चालवायला आणि हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबायला शिकावं. एक तरी रात्रपाळीचा वॉचमन असावा, दुसरा शेजारी. बाळाच्या आईवडिलांसमोर, त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीनं, त्याच मशीनवर शिकायचं. लिफ्टची किल्ली कोणाकडे असते आणि त्या घराच्या प्लगला जनरेटरची वीज मिळेल का, हे दोन प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या आधी घ्यावेत. शिकवायला मी येईन. क्लबहाऊसचं भाडं मात्र सोसायटीनं माफ करावं.