सायखेड्यात कोणतं झाड लावायचं?



कब्रस्तानच्या कुंपणालगत आणि ईदगाहच्या रस्त्यावर लावायच्या शोभेच्या झाडांची यादी तुम्ही मला पाहायला दिलीत. पहिलं नाव गुलमोहर, दुसरं कोनोकार्पस. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. पण आधी अटी पाहायच्या आणि मग उत्तर निवडायचं, एवढं इंजिनिअरिंगमध्ये शिकलो.

आपल्या गावाच्या अटी विचित्र आहेत. मे महिन्यात काळी जमीन इतकी भेगाळते की कोवळी मुळं तुटतात. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सुटलं की खालचा भाग गोदावरीत जातो. २०१६ आणि २०१९ चे पूर कोण विसरेल? वर निफाडची थंडी, पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली. 'कमी पाण्यात जगणारं झाड' एवढ्यावर इथे भागत नाही.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो देखणाच, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. वादळात फांद्या मोडतात. शिवाय वरवर पसरणारी मुळं कबरींजवळ नकोत. कोनोकार्पस झटपट हिरवा होतो, म्हणून नर्सरीत सहज मिळतो. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कारणं दिली ती परागकणांनी होणारी सर्दी-दमा आणि जमिनीखालच्या केबल-नळ्या बिघडवणारी मुळं.

माझी पसंती करंजाला. फोटोत तो मागे पडेल, फुलं बारीक आणि फिकट जांभळी. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला नवी चकचकीत पालवी येते, म्हणजे मेमध्ये जनाज्यामागे आलेल्या माणसांना सावली मिळते. मूळ खोल जातं. एकदा रुजला की दुष्काळ सोसतो, काही दिवस साचलेलं पाणीही सोसतो. आणि शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. आपल्या कुंपणाची अवस्था तुम्हाला माहीत आहेच.

रंग हवाच असेल तर ईदगाहच्या उंच बाजूला बहावा लावा. पिवळ्या झुंबरांसमोर गुलमोहर फिका पडतो, हे माझं मत. त्याला साचलेलं पाणी मात्र चालत नाही, कडुनिंबालाही नाही. शेंगांचा कचरा झाडावा लागेल. नदीकडच्या खोलगट कोपऱ्यात अर्जुन. तो मुळात नदीकाठचाच.

रोपं चार-पाच फुटांची घ्या, पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली नकोत. द्राक्षबागांतून निघालेली जुनी ठिबकची नळी मागून आणू. पहिले दोन उन्हाळे पाणी लागेलच. खड्डे दोन फुटांचे, पहिल्या पावसाआधी. येत्या रविवारी कोण कोण फावडं आणतंय, ते आत्ताच सांगा.