पट्टा ज्याचा त्याचा



संस्थेच्या रुग्णसाहित्याच्या कपाटात मी आज माझा कमरेचा पट्टा ठेवीन, असे पुष्कळांना वाटले. क्षमा असावी. तो माझ्या मापाने घडवलेला आहे; दुसऱ्याच्या बरगडीला रुतेल, कातडी सोलेल.

मणके सांधण्याची शस्त्रक्रिया १९११ साली न्यूयॉर्कला हिब्ज व आल्बी यांनी सुरू केली. पुढे कित्येक वर्षे रोगी महिनेन् महिने प्लास्टरमध्ये असे. आता स्क्रू व सळ्या मणके धरून ठेवतात. म्हणून काही शल्यविशारद पट्टा देतच नाहीत, काही थोडे आठवडे देतात. हाड सांधते ते शरीरच, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागते. पट्टा एवढेच बजावतो : वाकू नको, पिळू नको.

मला मात्र तोच तारणहार वाटला. डॉक्टरांनी सोडायला सांगितल्यावरही मी पंधरवडाभर चोरून बांधला. नुसत्या भीतीने! म्हणून सांगतो, बांधणे आणि सोडणे दोन्ही डॉक्टरांच्या शब्दाने व्हावे. आत सुती बनियन घालावा, कातडी रोज पाहावी. विडी-सिगारेट तर वर्ज्यच. तिने हाड सांधायला अडथळा येतो.

कपाटासाठी मी वॉकर आणला आहे. त्याची उंची कमीजास्त होते, तो स्वीकारावा.